साडेतीन

इथे घरं खोल्यांनी मोजतात
आणि न्हाणीघराला अर्धी खोली धरतात.
अडीच, साडेतीन, साडेचार,
मॉन्ट्रियलच्या दारोदार तसल्याच पाट्या.
पहिल्या दिवशी मला हसूच आलं.
आमच्याकडे देह साडेतीन हातांचा,
मुहूर्त साडेतीन,
शहाणेसुद्धा साडेतीनच.
म्हटलं, या गावाशी आपला हिशेब जुळणार.

मुहूर्तच चुकला होता.
"एक जुलै," यिदिर म्हणाला,
त्याच्या दुकानातल्या दुधाच्या फ्रिजला टेकून,
"अख्खं शहर त्या दिवशी घर बदलतं.
गाद्या जिन्यावरून, सोफे बाल्कनीतून,
मांजरं भोकं पाडलेल्या खोक्यांतून."
मी उतरले ऑगस्टच्या वीस तारखेला.
म्हणजे वरात कधीच निघून गेलेली
आणि मी अक्षता मुठीत धरून उभी.

अकरा रात्री गिसलेनच्या सोफ्यावर.
ती नर्सिंगला, रात्रपाळीची.
ती उठायची तेव्हा मी निजायचे,
रविवारी तेवढी आमची गाठ पडायची, भातावर आणि राजम्यावर.
तिची आई पोर्तोप्रिन्सहून फोनवर विचारायची,
त्या मुलीला मिळालं का घर?
माझी आई विचारायची तेव्हा मी सांगायचे, मिळालं,
पडदे लावायचे आहेत फक्त.

एक तळघर पाहिलं. खिडकी होती,
तिच्यातून घोटे दिसायचे.
फोटोत तीच खोली केवढी ऐसपैस!
एकाला तीन महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं
आणि कॅनडात पगार असलेला एक काका.

मग फोनवर एक बाई. खोली आहे, म्हणाल्या,
पूर्वेकडची, सकाळचं ऊन येतं. नाव काय तुमचं?
ज्ञानदा. स्पेलिंग सांगा.
डी, एन, वाय,
तिसऱ्या अक्षरालाच खोली गेली.
दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतल्या माथिल्डनं तोच नंबर लावला
आणि खोली परत आली,
उन्हासकट, वर गरम पाणी फुकट.
माथिल्ड लाल झाली. मी तिलाच समजावत बसले.

दिओलिंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर.
जिना रस्त्यावरून गोल गोल वर जाणारा, लोखंडी,
हिवाळ्यात तो कसा चढायचा हे मी विचारलं नाही.
खोलीत पलंग, कपाट,
आणि खिडकीचं सगळं ऊन अडवून बसलेलं
एक शिवणयंत्र.
"ते हलणार नाही," ती म्हणाली.
शाबानेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं,
बाह्या. फक्त बाह्या.
कारखाना बंद झाला तेव्हा तिनं पगाराऐवजी मशीन आणलं.

तिनं ना कागद मागितले ना काका.
पाकिटातून सुई काढली,
काळा दोरा माझ्या हातात दिला.
"ओव."
मी टोक ओठांनी ओलं केलं.
एकदा चुकलं.
दुसऱ्यांदा गेलं आरपार.
ती डोळे मिचकावून सुईकडे बघत राहिली,
दिसत नव्हतीच तिला,
मग बोट फिरवून दोरा चाचपला
आणि महिन्याचे सहाशे म्हणाली.

दर रविवारी सात सुया ओवून ठेवायच्या,
आठवड्याच्या, ओळीनं, उशीत टोचून.
करारात हे कुठे लिहिलेलं नाही.

काल संध्याकाळी पाचवी ओवत होते
तेव्हा तिचा फोन वाजला.
पलीकडे कुणीतरी खोलीबद्दल विचारत होतं,
मुलगा असावा, अडखळत,
मग नाव सांगायला लागला,
लांबलचक, एकेक अक्षर सुटं करून.
"गेली खोली," दिओलिंदा म्हणाली.
खोटं नव्हतं. गेलीच होती, मीच घेतली होती.
तरी वाटलं, तिला म्हणावं,
नाव तरी संपू दे त्याचं.
तेवढ्यात तिनं फोन ठेवला.
दोरा माझ्या ओठांत तसाच होता,
दोन सुया राहिल्या होत्या.